पुन्हा पिवळी झालेली हळद

१

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला सीतालक्ष्मीबाईंचा गळा आवळत आला. खोलीत तीन माणसं होती, पण आवळणारा हात कुणालाच दिसला नाही.

बाई साठीच्या. मैलापूरच्या देवळाच्या तळ्याकाठी हार गुंफायच्या. चाळीस वर्षं फुलांत बोटं, आणि त्रासही फुलांचाच. मोसम आला की नाक गळायचं, डोळे सुजायचे. म्हणून त्यांचा मुलगा मुरली त्यांना मागच्या गल्लीतल्या ॲलर्जी तपासणी केंद्रात घेऊन आला. तिथलं काम सोपं. हातावर एकेका झाडाच्या अर्काचा थेंब टाकायचा, थेंबातून सुईचं टोक टोचायचं आणि गांध उठते का बघायचं. बाईंच्या कागदावर डॉक्टरांनी लाल शाईनं लिहून ठेवलं होतं: दवणा टोचू नये. मागं एकदा दवण्याचं गाठोडं सोडताना बाई जागच्या जागी कोसळल्या होत्या.

तिथल्या शरण्यानं दहा थेंब टाकले. जाई, तुळस, झेंडू, मरवा असं सगळं. दहाव्या मिनिटाला बाईंचे ओठ फुगले, आणि त्या स्वतःच्या गळ्याकडं बोट दाखवायला लागल्या.

डॉक्टर विद्युलता धावत आल्या, मांडीत इंजेक्शन दिलं, गाडी बोलावली. जीव वाचला. पण बाई अजून दवाखान्यात, तोंडात नळी. मुरली दारात उभा राहून सांगून गेला, "शुक्रवारी चारला तुमच्या ट्रस्टची मीटिंग आहे ना? तिथं मला नाव सांगा. नाही सांगितलं तर मी पोलिसांना सांगतो."

नाव कुठलं, ते सगळ्यांच्या तोंडावर आलेलंच होतं.

२

"मामा, मी दवण्याची बाटली काढलीच नाही," शरण्या म्हणाली. "प्रॉमिस. शेल्फवरनं हलवलीच नाही."

नागोजी राव ओट्यावर बसून केळ्याच्या पानावरची इडली खात होता. त्यानं मान वर केली नाही.

"लेबल वाचलंस?"

"प्रत्येक बाटलीचं. मोठ्यानं वाचते मी. तुम्हीच शिकवलंत की."

ते खरं होतं. नागोजी शिकला पाचवीपर्यंत. पण एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यानं अडतीस वर्षं काचेची भांडी धुतली, आणि भांडी धुणाऱ्याला सगळं दिसतं. कुणी काय सांडलं, कुणी काय लपवलं, कुणाचा प्रयोग फसला आणि कुणी वहीत फसला नाही म्हणून लिहिलं. शरण्या त्याच्या बहिणीची पोर. चोवीस वर्षांची, नोकरीला दोन वर्षं झालेली. तिच्या नावापुढं ‘चुकीचा अर्क टोचला’ असं एकदा लिहिलं गेलं, की या शहरातली एकही लॅब तिला दारात उभी करणार नाही. पोलीस आले तर त्याहून वाईट.

"रडू नको. इडली खा."

"भूक नाही."

"मग माझी संपेपर्यंत सांग. खोलीत कोण होतं?"

"मी, सीतालक्ष्मी अम्मा आणि मुरली सार. हेरंब शेजारच्या खोलीत होता. व्यासराज सार स्टोअरमधे. मॅडम केबिनमधे."

"कुणी काय केलं मग?"

"मॅडमनी दोन बाटल्या सील केल्या. दवण्याची आणि मरव्याची."

नागोजीचा हात पानावरच थांबला. "मरव्याची कशाला?"

नागोजीनं पान दुमडलं आणि चपला घातल्या.

३

डॉक्टर विद्युलता साताऱ्याच्या. वीस वर्षांपूर्वी संशोधन करायला चेन्नईत आल्या, त्या नागोजीच्याच कॉलेजात. अख्ख्या इमारतीत त्यांच्याशी मराठी बोलणारा हा एकटा. त्याच्या तंजावरी मराठीला त्या पोट धरून हसायच्या, आणि त्यांच्या मराठीला तो. तो म्हणायचा, तुमची मराठी काल दुकानातनं आणल्यासारखी. त्या म्हणायच्या, तुमची पितळेच्या डब्यातली. त्यांनी फोडलेल्या काचा त्यानं आपल्या नावावर घेतल्या होत्या. दोनदा.

"नागोजीकाका, तुम्ही यायला नको होतं," त्या म्हणाल्या. पुढ्यात बिनदुधाचा चहा, बशीत लिंबाची फोड. "माझंही मन मानत नाही. पण बाटली चुकली, दुसरं काय?"

"दवण्याच्या बाटलीत किती कमी झालंय?"

"एका थेंबाचा हिशेब कसा लागणार?"

"झाडांचे कागद बघू?"

केंद्रात पद्धत होती. ज्या झाडाचा अर्क केला त्याची एक डहाळी वाळवून कागदावर चिकटवायची आणि फोल्डरात ठेवायची. कपाटाची चावी व्यासराजकडं. हा स्टोअरकीपर, जातीनं कुरकुऱ्या. आपल्या पुतणीला शरण्याची जागा मिळावी म्हणून वर्षभर खटपट करत होता, आणि लपवतही नव्हता.

"बघा, बघा," तो कपाट उघडत म्हणाला. "मामा आले म्हणजे भाचीचा निकाल लागलाच."

"तुझी पुतणी कशी आहे, व्यासराज?"

"टायपिंग शिकते."

"छान. शिकू दे आणखी चार वर्षं."

मरव्याचं फोल्डर जागेवर होतं. आत कागद नव्हता.

हेरंब मागं येऊन उभा राहिला. तिशीच्या आतला, सांगलीचा, अर्क तयार करणारा पोरगा. त्याचा चेहरा उतरला. "मंगळवारी सकाळी होता. मी स्वतः बघितला. संध्याकाळी नव्हता."

"आणि तू गप्प बसलास?"

"शरण्यावरच आणखी एक आळ आला असता ना, काका."

व्यासराज म्हणाला, "चावी माझ्या टेबलावर असते. कोणीही घेतो. आता माझ्यावर नका येऊ."

नागोजीनं रिकामं फोल्डर उचललं, उघडलं आणि त्यात नाक घातलं. व्यासराज हसला. नागोजीनं पुन्हा एकदा दीर्घ श्वास घेतला आणि डोळे मिटले.

जुन्या कागदात वास राहतो. हा वास मरव्याचा नव्हता.

४

तळ्याच्या रस्त्याला शेषाद्रीची टोपली. केंद्राला फुलं, पाला, सगळं त्याच्याकडूनच जायचं. नागोजी उकिडवा बसला.

"मरवा दे," तो मुद्दाम मराठीत म्हणाला. अगदी डॉक्टरबाई म्हणतात तस्सा.

शेषाद्रीला मराठीचं अक्षर येत नव्हतं. तरी त्यानं क्षणभरही विचार केला नाही. डाव्या टोपलीतली पांढुरकी, कातरलेल्या पानांची जुडी काढून त्याच्या हातात ठेवली. दवणा.

"हे काय?"

"मरवा. मरिकोळुंदु. तुमच्या लॅबवाल्या अम्मा याला मरवाच म्हणतात. तो पोरगाही तेच म्हणतो. मी पहिल्यांदा म्हणालो, मरिकोळुंदु पाहिजे? अम्मा म्हणाल्या, हो हो, मरि, तोच, मरवा."

"आणि आपला मरु?"

शेषाद्रीनं उजव्या टोपलीकडं बोट केलं. बारीक गोल पानांची हिरवी जुडी होती, म्हणजे खरा मरवा. "हा मरु. हा त्यांनी कधी नेलाच नाही."

नागोजी तिथंच फूटपाथवर मांडी घालून बसला. दवण्याला इथं दवणम् म्हणतात, मरिकोळुंदुही म्हणतात. महाराष्ट्रातल्या कानाला त्यातलं ‘मरि’ तेवढं ऐकू आलं आणि कानानं त्याचा मरवा करून टाकला. तंजावरचं एखादं पोर असली चूक करणार नाही. मुंबईहून आलेला कुणी तमिळच शिकला नसता, तर त्याचीही झाली नसती. अर्धी तमिळ येणाऱ्या मराठी माणसाचीच ही चूक. आणि दवणा म्हणून जी बाटली होती, ती बेंगळुरूहून तयार यायची. दोन्ही झाडं शेजारी ठेवून बघायची वेळ कुणावर आलीच नव्हती.

म्हणजे शरण्यानं बरोबर लेबल वाचलं होतं. चुकलं होतं ते लेबल.

पण चूक एक, आणि लपवणं दुसरं. डहाळी कुणी काढली? अर्धी तमिळ येणारी मराठी माणसं तिथं दोन होती. एक केबिनमधे बसायचं आणि एक शेजारच्या खोलीत.

५

"नाक हा पुरावा नाही, काका," मरव्याच्या बाटलीत दवणा आहे हे ऐकून डॉक्टर म्हणाल्या. "बाटली तपासायला पाठवली तर दोन आठवडे. मीटिंग शुक्रवारी आहे."

"मग जेली करू," नागोजी म्हणाला.

डॉक्टरांच्या हातातला चमचा कपात थांबला. जेली म्हणजे काय, ते त्यांना सांगायला नको होतं. त्यांचं संशोधनच त्यावर. झाडाची पेशी म्हणजे खोली, आणि खोलीच्या भिंती एकमेकींना चिकटवणारा गिलावा म्हणजे पेक्टिन. पेरूची जेली घट्ट होते ती त्याच्याच जोरावर. परागाचा कण फुलावर पडतो तेव्हा त्याला आत वाट काढायची असते. म्हणून तो गिलावा विरघळवणारं एन्झाइम बरोबरच घेऊन येतो. तेच माणसाच्या अंगात गेलं, की काहींचं शरीर त्याला भिंत फोडणारा चोर समजतं आणि चोर धरायच्या गडबडीत स्वतःचंच घर मोडून टाकतं. सीतालक्ष्मीबाईंचं तसं झालं होतं. दवण्याच्या परागात ही चीज भरपूर. मरव्याच्या पाल्यात नावाला. पेक्टिनची जेली बशीत ओतायची आणि वर थेंब टाकायचा. जिथं एन्झाइम, तिथं तीन तासांत खड्डा. असल्या हजारो बशा विद्युलतांनी केल्या होत्या आणि नागोजीनं धुतल्या होत्या.

"करू," त्या म्हणाल्या. नाही म्हणायला जागाच नव्हती.

गुरुवारी सकाळी नऊला हेरंबनं जेली शिजवली. नागोजी शेजारी उभा. "चुना घातलास? आंबट जेलीत हे एन्झाइम काम करत नाही."

"घातला, काका. मला येतं हो."

"येतं तर तिसऱ्यांदा वही का बघतोयस?"

हेरंब हसला आणि वही मिटली. जेली बशीत ओतली. नागोजीनं खिशातनं एक लग्नपत्रिका काढली. इथं पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळद लावायची रीत आहे. त्यानं एक कोपरा फाडला आणि बशीच्या कडेला जेलीत खोचून दिला.

"हे काय आता?" व्यासराजनं विचारलं.

"चांगल्या कामाला हळद नको?"

"सायन्स आहे हो हे!"

"सायन्सला चालते हळद."

दोघंही हसले. नागोजीनं कोपऱ्याकडं एकदा बघितलं आणि बशी स्वतःच्या हातानं केबिनमधे नेली. सील केलेल्या बाटल्या तिथल्याच कपाटात होत्या. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तीन थेंब टाकले. एक दवण्याच्या बाटलीतला, एक मरव्याच्या, आणि एक शेषाद्रीकडच्या ताज्या मरुचा. व्यासराजनं चहा आणून ठेवला. मग बाकी सगळे बाहेर आले आणि दार लागलं.

बारा वाजता दार उघडलं. जेली गुळगुळीत होती. एकही खड्डा नव्हता.

"पाहिलंत?" व्यासराज म्हणाला. "मरव्याची बाटली निर्दोष."

शरण्या भिंतीला टेकली. हेरंबनं डोळे खाली घातले. नागोजी बशीवर वाकला होता, पण मधल्या थेंबांकडं तो बघतच नव्हता.

"दवण्याच्या थेंबालाही खड्डा नाही," तो हळूच म्हणाला. "मग खोटी बाटली नाही. खोटी बशी आहे."

"म्हणजे माझी जेली चुकली?" हेरंबनं विचारलं.

नागोजी सरळ झाला. तो म्हणाला, "सगळे जेवून या. मला डॉक्टरांशी थोडं बोलायचंय."

६

दार लागल्यावर तो बसला नाही. डॉक्टरच म्हणाल्या, "बसा ना."

"कुंकू कसं करतात, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"हळदीत चुना घालून. का?"

"होय की. हळद चुन्याला लागली की लाल. नऊ वाजता मी हा तुकडा खोचला, तेव्हा कुंकवासारखा लाल झाला. मी बघितलं. म्हणजे पोरानं चुना घातला होता, जेली बरोबर होती." त्यानं बशी त्यांच्यापुढं सरकवली. "आता बघा."

तुकडा पिवळा धमक होता.

"लाल हळद पुन्हा पिवळी एकाच गोष्टीनं होते. आंबटानं. बशी मी आणली, दार लागलं. आत तुम्ही आणि तुमचा चहा." त्यानं चहाच्या बशीतली लिंबाची फोड उचलली. पिळून पार चोथा झालेली. कपात चहा भरलेला होता, काळाभोर. "लिंबू पडलं की चहाचा रंग उतरतो, बाई. यात थेंबही नाही पडला."

विद्युलतांनी कप दूर सरकवला.

"शरण्याकडून ऐकलं तेव्हाच मला शंका आली होती," नागोजी म्हणाला. "बाटली चुकली असं तुम्हाला खरंच वाटत होतं, तर मरव्याची सील कशाला केलीत?"

विद्युलतांनी चष्मा काढला. "त्यांना गाडीत घातलं आणि मी सरळ कपाटाकडं गेले. कागद काढला. डहाळी चुरगळली." त्या थांबल्या. "चैत्रात आमच्या देवघरात हा वास असायचा. त्या क्षणी कळलं."

"आणि दोन वर्षांपूर्वी शेषाद्रीकडचं पहिलं गाठोडं सोडलंत, तेव्हा नाही कळलं?"

"कोविड होऊन गेला होता. दीड वर्ष मला वासच येत नव्हता, काका. ॲलर्जीची डॉक्टर, आणि नाक मेलेलं. लाज वाटायची, कुणाला बोलले नाही. मी अर्कातलं बघणारी, पानातलं मला कधीच नीट कळत नव्हतं. शेषाद्री म्हणाला मरि, मी लिहिलं मरवा. हेरंबनं माझ्याकडनंच उचललं. शंभर माणसांना टोचली असेल ती बाटली. लेबल चुकलं म्हटलं, तर केंद्र बंद होईल. वीस वर्षं..."

"माझी अडतीस झाली."

"तुम्ही माझ्या फुटलेल्या काचा आपल्या नावावर घेतल्या होत्यात."

"घेतल्या. माझ्या मनानं घेतल्या. तुम्ही माझ्या पोरीच्या हातात तिला न विचारता काच दिलीत." त्याचा आवाज चढला नव्हता. "शब्द चुकला, त्याला मी काही म्हणत नाही. तुमच्या मराठीला मी हसलो, माझ्या मराठीला तुम्ही हसलात. असा एखादा शब्द कधीतरी पाय घसरवणारच होता. पण ती तीन दिवस भिंतीला टेकून उभी आहे, आणि तुम्ही चहा पिताय."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला.

"बशा धुणारा माणूस एकच बशी करून घेत नाही. दुसरी हेरंबच्या कपाटात झाकून ठेवलीय. हळदीसकट. उद्या ती मी मांडू, का तुम्ही मांडता?"

७

शुक्रवारी एक वाजता डॉक्टरांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. मीटिंग चारची. ट्रस्टचे तिघं वैतागूनच आले. मुरली दाराशी हाताची घडी घालून. मधल्या टेबलावर बशी, बशीच्या कडेला पत्रिकेचा कोपरा, लाल. शेजारी सील तोडलेल्या दोन बाटल्या आणि ताज्या मरुची वाटी.

नागोजी मागच्या स्टुलावर बसला होता. काल त्याला उत्तर मिळालं नव्हतं. डॉक्टर रात्री झोपल्या असतील असं चेहऱ्यावरून वाटत नव्हतं, पण त्यावरून काय ठरतं?

विद्युलता बशीपाशी गेल्या, थेंब टाकायची नळी उचलली आणि थांबल्या.

"शरण्या," त्या म्हणाल्या, "तू टाक."

शरण्या जागची हलली नाही. मंगळवारपासून तिनं नळीला हात लावला नव्हता. तिनं मामाकडं बघितलं. मामा खिडकीबाहेर बघत होता.

मग ती पुढं आली. पहिली बाटली उचलून सवयीनं मोठ्यानं वाचलं, "दवणा." थेंब टाकला. वाटीतला थेंब टाकला, "मरु." मग दुसरी बाटली उचलली. लेबलवर डॉक्टरांचं गोल, सुबक अक्षर. शरण्यानं ते मोठ्यानं वाचलं नाही. तिनं बाटली तशीच डॉक्टरांपुढं धरली.

"यात काय आहे, मॅडम?"

डॉक्टरांनी लेबलवर बोट ठेवलं.

"दवणा," विद्युलता म्हणाल्या. "वर मरवा लिहिलंय. ते मी लिहिलंय. मंगळवारपासून मला ठाऊक आहे. काल बशी खोटी केली तीही मीच. शरण्यानं लेबल वाचून टोचलं. तिचं काहीच चुकलेलं नाही." मग त्या मुरलीकडं वळल्या आणि तमिळमधे, मोडक्या पण एकेक शब्द नीट उच्चारत, तेच सगळं पुन्हा म्हणाल्या. या वेळी कुठलाही शब्द कानाच्या भरवशावर सोडला नाही.

मुरलीची हाताची घडी सुटली. तो पुढं आला, बशीवर वाकला. "आता?"

"आता तीन तास," हेरंब म्हणाला.

"मी थांबतो."

चारच्या सुमाराला जेलीत दोन खड्डे पडले. दवण्याच्या थेंबाखाली एक, आणि ‘मरव्या’च्या थेंबाखाली तस्साच दुसरा. मरुखाली जेली सपाट. डॉक्टरांचं काय करायचं ते ट्रस्टचे लोक दार लावून ठरवत बसले. ते ठरायला पुढं महिना गेला. ज्या ज्या माणसांना ती बाटली टोचली होती, त्यांची यादी मात्र विद्युलतांनी त्याच संध्याकाळी आपल्या हातानं काढायला घेतली.

शनिवारी सीतालक्ष्मीबाईंची नळी निघाली. शरण्या आणि नागोजी भेटायला गेले. शरण्यानं सगळं सांगितलं. बाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "बाटलीवर काय लिहिलं होतं म्हणालीस?"

"मरवा, अम्मा."

बाईंनी उशीवरच मान हलवली. "माझ्या गळ्याला वाचता कुठं येतं?"

मग त्यांनी शरण्याचा उजवा हात ओढून घेतला, अंगठा आणि तर्जनी दाबून बघितली. हार गुंफणाऱ्या बायका नव्या पोरीची बोटं बघतात, अगदी तशी.

"थरथरत नाहीत," त्या म्हणाल्या. "बरं. सोमवारी कामाला जा."